माईने आणलेली झुरळं

माई घाबरट बाई नव्हती. उंदीर, कोळी, घरमालक, खिडकीमागून उद्या या म्हणणारे साहेब, यांतल्या कुणालाच तिने आजवर भीक घातली नव्हती. पण झुरळ दिसलं की तिची पाचावर धारण बसायची. एकदा ओट्याखालून एक निघालं, तर बाई स्टुलावर चढल्या त्या नवरा कामावरून येईपर्यंत खाली उतरल्या नाहीत. उतरल्यावर उलट त्यालाच झापलं, इतका वेळ कुठे होतात म्हणून. अशा माईने एके दिवशी स्वतःच्या पायांनी दुकानात जाऊन डबाभर जिवंत झुरळं विकत आणली. चांगली शुद्धीवर असताना आणली. सांगून पटणार नाही, पण आधी तिची बाजू ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

तिचा नवरा पियानोचे सूर जुळवायचा. शाळा, सभागृहं, हौशी लोकांची घरं, जिथे म्हणून पियानो असेल तिथून त्यांनाच बोलावणं यायचं, आणि सगळे त्यांना सूरवाले म्हणायचे. सूरवाल्यांचा कान त्या घरात एखाद्या आजारी माणसासारखा जपला जायचा. खुर्च्यांच्या पायांना, फ्रिजखाली, भांड्यांच्या फळीवर, सगळीकडे लोकर दाबून केलेल्या नमद्याचे तुकडे चिकटवलेले; पियानोच्या आतल्या हातोड्यांना लावतात तोच जाड नमदा. चमचा पडला तर माई आधी 'चुकलं' म्हणायची आणि मग तो उचलायची. शेजारणीच्या दाराची बिजागरी कुरकुरायची, तिला सूरवाल्यांनी स्वतः जाऊन तेल घातलं होतं. शेजारीण अजून ते घरोघरी सांगत असते.

यात हसण्यासारखं बरंच आहे, पण एक लक्षात ठेवा. त्या कानावर घर चालायचं, आणि घरापेक्षाही ते स्वतः त्यावर चालायचे. माणूस बोलायला तुटक, दिसायला बेताचा, चारचौघांत कोपरा धरून बसणारा. पियानोपुढे बसला की मात्र आजूबाजूची माणसं आपोआप गप्प व्हायची. अभिमान बाळगावा अशी तेवढी एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती, आणि हे माईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर त्यांची मुलगी नोकरी बदलून परत घरी राहायला आली. तिशी उलटली होती तरी घरात ती चिमीच होती. येताना तिने दोन काचेच्या पेट्या आणल्या, आणि प्रत्येक पेटीत एक पाल. भिंतीवर फिरते तसली नव्हे. पिवळट अंगावर काळे ठिपके, जाडजूड, जमिनीवरून सावकाश चालणारी, डोळे मिचकावून माणसाकडे बघणारी.

"लेपर्ड गेको म्हणतात," चिमी म्हणाली.

"पाल ती पाल," माई म्हणाली.

एकाचं नाव शेठ, दुसरीचं बारकी. शेठची शेपटी मुळ्यासारखी टम्म फुगलेली होती. ही जात शेपटीत चरबी साठवते, त्यामुळे शेपटीवरून कळतं कोण खाऊनपिऊन सुखी आहे ते. बारकीची शेपटी पेन्सिलीएवढी झाली होती. घर बदलल्यापासून तिने कशालाही तोंड लावलं नव्हतं, आणि चिमी उसनं हसत असली तरी तिचा जीव टांगणीला लागलेला माईला दिसत होता.

माईने स्वयंपाकघर आणि झोपायची खोली पेट्यांना बंद केली. उरली पुढची खोली, तिथे सूरवाले पियानोच्या हातोड्या दुरुस्त करत बसायचे. त्यांनी काचेशी वाकून बराच वेळ पाहिलं.

"ओरडतात का?"

"मुक्याच समजा, बाबा."

"मग राहू दे."

माईच्या माहेरची माणसं दोन दिवसांवर राहिली तर यांना खपायची नाहीत, आणि पालींना मात्र लगेच बिऱ्हाड.

मग खाण्याचा प्रश्न निघाला. चिमीने तो नेमका जेवणाच्या टेबलावर काढला, तेव्हा माईचा घास तोंडातल्या तोंडात फिरला. पालींना जिवंत किडे लागतात. कुठले द्यायचे यावर त्या घरात जी खलबतं झाली, तेवढी राहायला घर शोधतानाही झाली नव्हती.

पिठातल्या अळ्या सगळ्यात सोयीच्या, डब्यात पडून राहतात, ना आवाज ना वास. शेठ त्या मचमच करत खायचा, पण बारकीने त्यांच्याकडे सरळ पाठ फिरवली होती. मग गुबगुबीत पांढऱ्या मेणअळ्या होत्या. त्या म्हणजे नुसती चरबी, आणि एकदा चटक लागली की पाल दुसऱ्या कशाकडे बघत नाही.

"म्हणजे तुझ्या बाबांची बिस्किटं," माई म्हणाली.

"बारकीला पळणारं काहीतरी हवंय," चिमी म्हणाली. "हललं तरच ती बघते. त्यात सगळ्यात उत्तम म्हणजे झुरळं. घरातली नव्हेत गं, पाळलेली, वेगळी जात असते ती. उडत नाहीत, काचेवर चढत नाहीत..."

"झुरळ घरात आलं तर मी घराबाहेर."

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की कुणी वाद घातला नाही.

"मग राहिले रातकिडे," चिमी म्हणाली.

माईने नवऱ्याकडे पाहिलं. पाहुण्याचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून ते कपाटात ठेवायला लावणारा माणूस, आणि त्याच्या कामाच्या खोलीत रातकिडे. आता भडका उडणार म्हणून तिने ताटं उचलायला घेतली. सूरवाल्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"पिल्लं आणा," ते म्हणाले. "पंख फुटेपर्यंत ती गात नाहीत. पुढचं पुढे बघू."

इतक्या चटकन त्यांनी कधीच काही मान्य केलं नव्हतं. माईला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण लेकीच्या मायेपोटी असेल म्हणून तिने सोडून दिलं.

पिल्लं आली. त्यांच्यासाठी झाकणाला जाळी लावलेला मोठा प्लास्टिकचा डबा, आत लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. चिमी थोडे किडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या पांढऱ्या भुकटीत घोळवायची आणि पेटीत सोडायची. पहिल्याच दिवशी बारकीने मान वर केली, शेपटीचं टोक थरथरवलं आणि झडप घातली. चिमीने आईला मिठी मारली. माईने किडा चावला जातानाचा आवाज ऐकून तोंड वाकडं केलं, पण तिलाही हायसं वाटलं.

सूरवाले तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन किड्यांच्या डब्यापाशीच बसायला लागले. किडा जे खाईल ते शेवटी पालीच्या पोटात जातं, म्हणून किड्यालाही नीट जेवू घालावं लागतं. ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. गाजराच्या पातळ चकत्या करायच्या, आत ठेवायच्या, आणि कितीतरी वेळ जाळीतून बघत राहायचं.

"मला कधी गाजर चिरून दिलं नाहीत," माई म्हणायची.

"तू पंख दाखव, देतो," ते म्हणायचे.

दोन्ही पाली खाऊन खाऊन किती खाणार. उरलेली पिल्लं वाढत राहिली. एका सकाळी माईला जाग आली ती आवाजाने. क्री, क्री, क्री. पुढच्या खोलीतून, चांगला खणखणीत. आज त्या डब्याची आणि चिमीची धडगत नाही, असं मनाशी म्हणत ती केससुद्धा न बांधता लगबगीने तिकडे गेली.

सूरवाले डब्याशेजारी बसले होते. कप हातात, नजर डब्यावर. हाताच्या अंतरावर एक काळसर किडा पंख उभारून जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"अशी काय उभी?" त्यांनी विचारलं.

"आवाज..."

"कसला आवाज?"

त्यांनी मान वर करून तिच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा करतायत असं वाटून माई हसणार होती. मग तिला दिसलं की त्यांच्या कपाळावर एकही आठी नाही. लांब गल्लीत कुणी पत्रा ओढला तरी ज्या कपाळाला आठ्या पडायच्या, ते कपाळ अगदी सपाट होतं.

"नळ गळतोय वाटलं," ती म्हणाली.

"नळ गळत नाहीये. गळला असता तर मला कळलं असतं."

ते खरंच होतं. नळ, दाराची कडी, शेजारणीची शिंक, तिचा स्वतःचा सुस्कारा, सगळं त्यांना ऐकू यायचं. माई स्वयंपाकघरात आली, चहाचं आधण ठेवलं आणि तशीच उभी राहिली. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली होती. बाहेरच्या दोन्ही पाली मुक्या होत्या, पण ही काही केल्या गप्प बसेना.

सूरवाले कामाला गेल्यावर तिने चिमीला सांगितलं. चिमीने डब्याशी कान नेला. आतला किडा अजून गातच होता.

"वय झालं की बारीक आवाज आधी जातात, आई. माणसाला कळतही नाही. हा रातकिड्याचा सूर आहे ना, पियानोच्या अगदी उजवीकडच्या पट्ट्या जवळपास तिथेच लागतात."

संगीतशाळेचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. तिथला मोठा पियानो दरवर्षी सूरवालेच जुळवायचे, आणि दिवस ठरवायला शाळेच्या बाई येत्या शनिवारी चहाला येणार होत्या.

"बाबांना सांगायला हवं."

"सांगू. कार्यक्रम होऊन जाऊ दे."

"आणि पियानो चुकीचा लागला तर?"

"इतक्या वर्षांची सवय आहे त्यांच्या हाताला."

"हाताला, आई. कानाला नाही."

"तू मला शिकवू नकोस," माई म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज पडला. "त्यांच्याजवळ दुसरं काही नाहीये गं. तेवढंच आहे. ते आपण त्यांच्या हातातून काढून घ्यायचं का?"

तेवढ्यात एक अडचण दोघींच्याही लक्षात आली. शाळेच्या बाई पुढच्या खोलीतच बसणार. रातकिडे गाणार. बाई काहीतरी बोलणार, तुम्हाला हा आवाज कसा खपतो म्हणून विचारणार, आणि सूरवाले परक्या माणसासमोर तोंडघशी पडणार. म्हणजे शनिवारच्या आत रातकिडे जायला हवेत. अळ्यांना बारकी शिवत नाही, आणि रातकिडे बंद केले तर तिची जेमतेम भरू लागलेली शेपटी पुन्हा पेन्सिल होणार. मग उरलं काय ते दोघींनाही ठाऊक होतं. नाव मात्र कुणी घेतलं नाही.

चिमी म्हणाली, मी आणते. माई म्हणाली, नको, तू आणलीस तर मी घरात पाऊल टाकायची नाही. मीच आणते म्हणजे मला येता येईल.

किडेवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना डबेच डबे. रातकिड्यांचा डबा परत आलेला बघून त्याला वाईट वाटलं.

"काय झालं, वहिनी? आवाजाची तक्रार आली का कुणाची?"

"नाही," माई म्हणाली. "आवाजाची कुणाचीच तक्रार नाही." आणि एवढं बोलताना तिला भडभडून आलं.

किडेवाला बिचारा गोंधळला. रातकिड्यांवर इतका जीव लावणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. मग तिने काय हवंय ते सांगितल्यावर तो खुलला आणि एक डबा उघडून तिच्यापुढे धरला. आत पुठ्ठ्यावर चपटी, तपकिरी, चकचकीत झुरळं एकमेकांवर चढत होती. माई उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली.

"गात नाहीत ना?"

"चकार शब्द नाही. उडी नाही, वास नाही, गुळगुळीत प्लास्टिकवर चढताही येत नाही त्यांना."

"आणि सुटली तर मारायची कशी?"

"मारायची नाहीत, वहिनी. पाळायची." मग त्याने विचारलं, "केवढी देऊ? पालीच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा घालायचा नसतो."

बारकीच्या डोळ्यांमधलं अंतर माईला ठाऊक होतं, कारण त्या डोळ्यांनी बारकी तिच्याकडे तासन् तास बघायची. तिने नखावर माप दाखवलं. पण किडेवाला चाळण घेऊन निवडायला लागला तेव्हा त्याने भराभर मोठीच काढली, आणि मग माईला वाकून, बोटाने दाखवून, ही नको, ती, नाही, तिच्या शेजारची, असं एकेक झुरळ निवडून घ्यावं लागलं. घरी येताना सबंध वाट तिने डबा हात लांब करून धरला होता. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती.

संध्याकाळी सूरवाले आले, हात धुतले आणि सवयीने डब्याकडे वळले.

"रातकिडे कुठे गेले?"

"परत दिले. चिमी म्हणाली, ही जास्त पौष्टिक."

त्यांनी वाकून पाहिलं. मग सरळ उभे राहिले.

"तू आणलीस?"

"हो."

"तू?"

"हो म्हटलं ना."

माईच्या हातात स्वयंपाकाचा लांब चिमटा होता आणि त्यात गाजराची चकती. झाकण किंचित सरकवून ती चकती आत टाकायचा प्रयत्न करत होती, आणि चिमटा असा थरथरत होता की डब्याच्या कडेवर टकटक वाजत होता. सूरवाल्यांनी चिमटा घेतला, चकती आत ठेवली.

"झाकण नीट लाव," एवढंच ते म्हणाले.

त्या रात्री ते फार जेवले नाहीत. माईला वाटलं, थकले असतील.

शनिवारी शाळेच्या बाई आल्या. चांगल्या मनाच्या, पांढऱ्या केसांच्या, कुणालाही न दुखावता बोलणाऱ्या. पालींचं कौतुक झालं. खोलीत चिडीचूप होतं, आणि माई चहाचा ट्रे आणताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. बाईंनी तारखेचा विषय काढला.

"तारीख ठरवू," सूरवाले म्हणाले. "त्याआधी एक सांगतो. उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या माझ्याकडून होणार नाहीत. मला त्या ऐकू येत नाहीत."

माईच्या हातातला ट्रे कलंडायचाच राहिला. चिमीने तो धरला.

बाईंनी कप खाली ठेवला. "गेल्या वर्षी त्या थोड्या चढ्या लागल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आम्ही कुणी बोललो नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

सूरवाल्यांचा चेहरा उतरला. "मुलांनी तशाच पियानोवर वाजवलं?"

"हो."

"मग बोलायला हवं होतं."

ते रागावून म्हणाले नाहीत. पण माईला ते शब्द थेट लागले. आपण जिला माया म्हणत होतो, तिने या माणसाच्या हातून वर्षानुवर्षं वाकडं काम करवून घेतलं असतं, आणि त्याला ते कळूही दिलं नसतं. तिला बाईंकडेही बघवेना आणि नवऱ्याकडेही.

बाईंनीच वाट काढली. वरच्या पट्ट्यांसाठी एक तरुण मुलगी येईल, बाकीचा सगळा पियानो सूरवाल्यांचा. "तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी तयारी नाही," त्या म्हणाल्या. सूरवाल्यांनी मान हलवली. ते पुरेसं नव्हतं, पण ते खोटं नव्हतं. चिमी बाईंना पोचवायला गेली.

दोघंच उरल्यावर माई त्यांच्या शेजारी बसली.

"तुम्हाला कधीपासून..."

"गेल्या हिवाळ्यापासून शंका होती. रातकिडे आणू दिले ते त्यासाठीच. पंख उभारलेले दिसायचे, घासताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. मी आपली समजूत घालायचो, अजून लहान आहेत, नुसतेच हलवतायत. त्या सकाळी तू दारात आलीस आणि मी तुझं तोंड बघितलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू नळाचं बोललीस. मला वाटलं, हिच्या लक्षात आलं नसेल तर बरंच आहे. निदान तुझ्यापुढे तरी काही दिवस..." ते थांबले. मग त्यांनी डब्याकडे मान वळवली. "झुरळं बघितली आणि कळलं की तुला सगळं कळलंय. जी बाई एका झुरळाला भिऊन स्टुलावर चढते, तिने माझ्यासाठी डबाभर घरात आणली. आता मी गप्प राहिलो तर ही पुढे काय काय आणेल, या धास्तीने बोलून टाकलं."

ते हसायला गेले आणि ते त्यांना जमलं नाही. माईने त्यांना रडू दिलं. तीही रडली. नमद्याने मुका केलेल्या त्या खोलीत दोन म्हातारी माणसं मोकळ्या आवाजात रडली, आणि यावेळी कुणी 'चुकलं' म्हटलं नाही.

चिमी परत आली तेव्हा माईने डोळे पुसून जाहीर केलं की झुरळं उद्याच्या उद्या परत जाणार. चिमी खाली बघत म्हणाली, "आई, बारकी आता दुसरं काही खाईलसं वाटत नाही." बारकी खरोखरच काचेला नाक लावून डब्याकडे टक लावून बसली होती, आणि तिची शेपटी बुडाशी जरा गोल दिसत होती. माईने हात टेकले. झुरळं राहिली. अजूनही आहेत, आणि माई अजूनही त्यांना चिमट्यानेच वाढते.

पण सूरवाल्यांनी एक मागितलं. "एखादा रातकिडा असू दे," ते म्हणाले. चिमीने एकच आणला, वेगळ्या छोट्या डब्यात, खायला घालायचा नाही या अटीवर.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो गायला लागला. सूरवाल्यांना त्याचे पंख उभारलेले दिसले.

"गातोय?"

"गातोय," माई म्हणाली.

"कसा?"

आता आली पंचाईत. माईला त्यातलं काही कळत नव्हतं. सूर म्हणजे काय आणि लय म्हणजे काय, ते सगळं इतकी वर्षं त्यांचं खातं होतं. तिने थोडा विचार केला, त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यांच्या मनगटावर बोटाने वाजवायला लागली. तीन ठोके, थांबायचं. तीन ठोके, थांबायचं. किडा थांबला की तीही थांबायची.

सूरवाल्यांनी डोळे मिटले होते. पियानोपुढे बसताना मिटायचे तसे.

"जरा संथ आहे," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "खोलीत गारवा आलाय म्हणून. खिडकी लावून घ्या."

चिमीने खिडकी लावली. झुरळांना गाजर घालायची वेळ टळून गेली होती, पण माई उठली नाही.